इन्सुलीचा चाकरमानी आणि गिरणीचा पगार

‘वेतन’ हा शब्द संस्कृत, ‘रोजमुरा’ फारशी आणि ‘पगार’ पोर्तुगीज. सावंतवाडी व बांदें यांच्या दरम्यान, गोव्याच्या सीमेजवळ वसलेल्या इन्सुलीसारख्या गांवांतून जो मनुष्य मुंबईस नोकरीस गेला, त्यास कोंकणानें ‘चाकरमानी’ हें नांव दिलें. आणि त्याच्या तोंडीं ‘पगार’ हाच शब्द राहिला. सनदा, महजर व वतनपत्रें यांचे संग्रह आपल्याकडे पुष्कळ झाले आहेत. ज्यास वतन नव्हतें, किंवा असून पुरत नव्हतें, त्याच्या वेतनाचीं साधनेंही तितक्याच आस्थेनें जमविलीं पाहिजेत, असें आमचें मत आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत कापडगिरणीची कंपनी स्थापिली व १८५६ सालीं ती चालू झाली. पुढें गिरण्या वाढल्या, तसतशीं रत्नागिरी जिल्हा व सावंतवाडी संस्थान यांतील माणसें वेंगुर्ल्याहून आगबोटीनें मुंबईस जाऊं लागलीं. बायकामुलें व शेती गांवीं, आणि कर्ता पुरुष गांवकऱ्यांनीं मिळून भाड्यानें घेतलेल्या खोलींत, अशी संसाराची फाळणी झाली.

या मनुष्यास कंपनीचे मालक क्वचितच दिसत. त्याच्या लेखीं कंपनी म्हणजे जॉबर. कामावर घेणें, काढणें, रजा देणें हें सर्व त्याच्या हातीं. त्याबद्दल दस्तुरी द्यावी लागे. पगार महिना उलटून बऱ्याच दिवसांनीं हातीं पडे; तोंवर वाण्याची उधारी व सावकाराचें व्याज चाले. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची चाल कांहीं गिरण्यांत होती. तीस ‘डबल खाडा’ म्हणत. कापडांत दोष निघाल्यास तें विणकराच्याच गळ्यांत मारून किंमत पगारांतून वळती करीत. पेरणीस किंवा गणपतीस गांवीं गेलेल्यास परतल्यावर जागा मिळेलच, याचा भरंवसा नसे.

या स्थितीचा उत्तम पुरावा म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं तयार केलेला, सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज. त्यांत रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, अपघातांत जखमी झालेल्यास साहाय्य, आणि पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत, अशा मागण्या आहेत. पगारवाढीची मागणी त्यांत नाहीं! कामगारानें आरंभीं अधिक पैसा मागितला नाहीं; आपला वेळ व आपलाच पैसा वेळेवर मागितला, हें अभ्यासकांनीं ध्यानांत ठेवावें.

पैकीं रविवारची सुटी १८९० च्या जून महिन्यांत मालकांनीं मान्य केली. परंतु १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाच नाहींशी झाली. काम चौदा-पंधरा तासांवर गेलें. गिरणींतील प्रौढ पुरुषांस बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्यानें मिळाली.

पगाराच्या तारखेस मात्र याहून विलंब लागला. वेतन न देणाऱ्या धन्यास कौटिलीय अर्थशास्त्रांत दशांश अथवा सहा पण दंड सांगितला आहे. तो ग्रंथ शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला. पण वेळेवर पगार देण्याचा कायदा १९३६ सालीं झाला. त्यान्वयें हजारांहून कमी कामगार असतील तेथें सात दिवसांच्या आंत, इतरत्र दहा दिवसांच्या आंत पगार देणें प्राप्त झालें. दंडाची कपातही रुपयास अर्ध्या आण्यावर जाऊं नये, असें ठरलें. म्हणजे १८८४ च्या एका साध्या मागणीस बावन्न वर्षें लागलीं.

१९८२ च्या संपानंतर मुंबईंतील गिरण्या एकामागून एक मिटल्या. इन्सुलीसही सूतगिरणी निघाली व तीही बंद पडली. कामगार गेले, तरी त्यांचे कागद कोंकणांतील घरांत पेट्यांतून व माळ्यांवर असण्याचा संभव आहे: मनीऑर्डरीचीं कुपनें, पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचीं तिकिटें, खोलीच्या जमाखर्चाच्या वह्या, रजेसाठीं लिहिलेलीं पत्रें. त्यांवर शिक्कामोर्तब नाहीं, म्हणून तीं चुलींत जातात. कोंकणांतील दमट हवा व वाळवी कोणासाठींही थांबत नाहींत. संग्राहकांनीं महजरांच्या शोधार्थ घरोघरीं जातांना हेंही दफ्तर मागून घ्यावें, आणि नकला करून मूळ कागद ज्याचे त्यास परत करावे, एवढीच आमची विनंति आहे.