मोजणीची साखळी ते हवामान केंद्र : खानदेशातील कृषिव्यवसायातील तंत्रज्ञान व माहितीच्या जोखमीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

शेती हा मुळातच जोखमीचा व्यवसाय आहे. पाऊस, रोगराई आणि बाजारभाव या तीन जोखमींचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. परंतु शेतीविषयी जी माहिती गोळा केली जाते, ती ज्या साधनांनी गोळा होते आणि तिच्या आधारे जे निर्णय घेतले जातात, त्यांतूनही शेतकऱ्याच्या पदरी एक वेगळी जोखीम येते. अलीकडे डिजिटल शेती, उपग्रह छायाचित्रे, स्वयंचलित हवामान केंद्रे आणि शेतकरी ओळख क्रमांक यांच्या संदर्भात ही चर्चा सुरू झाली आहे. ही जोखीम संगणकाबरोबर जन्माला आली असा समज त्यामुळे सहज होतो. खानदेशाचा इतिहास पाहिला असता हा समज टिकत नाही. फैजपूर-सावदा परिसराने या प्रश्नाचा पहिला मोठा अनुभव 1852 मध्येच घेतला होता.

प्रस्तुत लेखात पुढील तीन प्रश्नांचा विचार केला आहे. शेतीची मोजणी कोणी व कोणत्या एककात केली? मोजणीतील चुकीचा भार कोणावर पडला? आणि ती चूक दुरुस्त करून घेण्याचा कोणता मार्ग शेतकऱ्यापाशी होता? या तीन कसोट्यांवर जुन्या आणि नव्या व्यवस्था तपासता येतात, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

1852 ची पाहणी आणि खानदेशातील विरोध :

मुंबई इलाख्यातील जमीनमहसुलाची पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1835 नंतर इंदापूर तालुक्यापासून बसवत आणली. 1847 च्या संयुक्त अहवालाने तिला निश्चित स्वरूप दिले. प्रत्येक शेताची साखळीने मोजणी करावी, मातीचा पोत व खोली पाहून त्याची प्रतवारी लावावी, प्रतीचे मूल्य आण्यांत मांडावे आणि त्यावरून तीस वर्षांसाठी आकार ठरवावा, असे तिचे स्वरूप होते. मातीत चुनखडी किंवा वाळूचे मिश्रण असेल, उतार असेल किंवा पाणी साचत असेल, तर तो दोष मानून प्रत खाली आणली जाई. तत्कालीन मानाने ही पद्धत शास्त्रशुद्ध होती. पूर्वीच्या अंदाजी आणि जाचक आकारणीपेक्षा अनेक ठिकाणी तिने शेतकऱ्याला दिलासाही दिला.

तरीही 1852 मध्ये ही पाहणी खानदेशात आली तेव्हा तिला तीव्र विरोध झाला. सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत लोक मोठ्या संख्येने एकत्र जमले. पाहणीचे काम होऊ द्यायचे नाही, असा त्यांचा निर्धार होता. अखेर सरकारने सैन्य पाठवून पुढाऱ्यांना अटक केली आणि विरोध मोडून काढला. पुढे पाहणी पूर्ण झाली व नवे आकार लागू झाले.

या घटनेकडे केवळ अज्ञानी रयतेचा नव्या शास्त्राला विरोध म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. तापीच्या उत्तरेकडील हा पट्टा सुपीक व बागायती होता. चांगल्या जमिनीचे चांगलेपण एकदा कागदावर नोंदले गेले की तीस वर्षे त्यानुसार भरणा करावा लागणार, हे येथील शेतकऱ्याला उमगले होते. दुसऱ्या बाजूने, विरोध करणारे सगळेच पीडित होते असेही म्हणता येत नाही. जमिनीची जुनी माहिती ज्यांच्या दप्तरांत आणि स्मरणात होती, त्या वतनदारांचे महत्त्व नव्या मोजणीमुळे कमी होणार होते. म्हणजेच 1852 चा संघर्ष हा आकाराइतकाच माहितीच्या मालकीचाही संघर्ष होता. पाहणी करणारा कारकून शेतात काही वेळच उभा राही. त्याने लावलेली प्रत मात्र एका पिढीला पुरत असे.

कापूस : गुणवत्तेची मोजणी कोणासाठी?

जमिनीनंतर पिकाची पाळी आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची गरज भासली आणि खानदेशच्या कापसाला मोठी मागणी आली. याच काळात, 1863 मध्ये, मुंबई सरकारने कापसातील भेसळीविरुद्ध कायदा करून तपासनीस नेमले. स्थानिक वाणाऐवजी हिंगणघाटी बियाणे पेरले जावे यासाठी खानदेशच्या जिल्हा प्रशासनाने जोर लावला. धाग्याची लांबी आणि स्वच्छता हे निकष खरेदीदाराच्या गरजेतून आले होते. स्थानिक वाणाचा काटकपणा किंवा कमी पावसात तग धरण्याची क्षमता यांना त्या मोजमापात स्थान नव्हते. युद्ध संपताच भाव कोसळले, तेव्हा खरेदीदाराच्या निकषांनुसार पेरणी केलेल्या शेतकऱ्याच्या हाती त्या निकषांवर बोलण्याचा कोणताही अधिकार नव्हता. तंत्रज्ञानाच्या जोखमीचे हे आरंभीचे उदाहरण होय.

आणेवारीचा वाद : खेडा, बार्डोली आणि फैजपूर :

पीक बुडाल्यास महसुलाची सूट किंवा तहकुबी मिळण्यासाठी आणेवारी काढली जाई. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक, असे मानून प्रत्यक्ष पिकाचा अंदाज बांधला जाई. मुंबई इलाख्यातील खेडा जिल्ह्यात 1918 मध्ये झालेला सत्याग्रह या अंदाजावरूनच उभा राहिला. पीक चार आण्यांहून कमी असल्यास वसुली तहकूब करण्याचा नियम होता. पीक त्याहून अधिक आहे असे अधिकारी म्हणत होते, तर ते कमी आहे असे शेतकऱ्यांचे म्हणणे होते. गांधीजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव जाऊन पिकाची स्वतंत्र चौकशी केली. नियमाविषयी वाद नव्हता. वाद होता तो आकड्याविषयी.

बार्डोलीत 1928 साली हेच अधिक ठळकपणे दिसले. तेथे महसूल 22 टक्क्यांनी वाढवण्यात आला होता. ज्या खंडाच्या आकडेवारीवर ही वाढ आधारली होती ती नीट तपासलेलीच नाही, हा शेतकऱ्यांचा मुख्य आक्षेप होता. सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांच्या चौकशी समितीने गावे फिरून तपासणी केली आणि वाढ सुमारे 6 टक्क्यांवर आणली. सरकारी आकडा अंतिम नसतो, योग्य तपासणीने तो बदलू शकतो, हा धडा इलाख्यातील सर्व शेतकऱ्यांना यातून मिळाला.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर 1936 मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. ग्रामीण भागात भरलेले हे पहिले अधिवेशन. त्यात संमत झालेल्या कृषी कार्यक्रमात खंड व महसुलात कपात, न परवडणाऱ्या धारणांना सूट आणि कर्जातून सुटका यांचा समावेश होता. त्याच वर्षीच्या लखनौ अधिवेशनाने प्रांतिक समित्यांकडून शेतीच्या प्रश्नांवर शिफारशी मागवल्या होत्या. ज्या परिसरात 1852 साली मोजणीलाच विरोध झाला होता, त्याच परिसरात चौऱ्याऐंशी वर्षांनी शेतकऱ्यांच्या बाजूने प्रश्नांची मांडणी करून मागण्या पुढे आल्या. विरोधाकडून प्रतिपादनाकडे झालेला हा प्रवास महत्त्वाचा आहे.

केळी : नवी साधने, जुना प्रश्न :

आज रावेर-यावल पट्ट्याची अर्थव्यवस्था केळीवर उभी आहे. मृगबाग आणि कांदेबाग या दोन हंगामांत लागवड होते. ठिबक सिंचन व ऊतिसंवर्धित रोपे यांमुळे उत्पादन वाढले, त्याचबरोबर एकरी गुंतवणूकही वाढली. हिवाळ्यातील कडाक्याची थंडी, एप्रिल-मे महिन्यांतील उष्ण वारे आणि पावसाळ्याच्या तोंडावरील वादळे यांत उभी बाग हातची जाते. म्हणूनच हवामानावर आधारित फळपीक विमा या भागात जिव्हाळ्याचा विषय झाला.

या विम्यात तापमानाच्या बाबतीत शेतातील नुकसान मोजले जात नाही. महसूल मंडळाच्या संदर्भ हवामान केंद्रावरील नोंद पाहिली जाते. थंडीसाठी किमान तापमान सलग 3 दिवस 8 अंश किंवा त्याहून कमी राहणे, असा निकष असतो. समजा, केंद्रावर एके दिवशी 8.2 अंशांची नोंद झाली आणि नदीकाठच्या सखल बागेत पारा 7.5 वर होता. बागेतील घडांची वाढ खुंटली तरी त्या मालकाला नोंदीप्रमाणे काहीही देय होत नाही. उलट, ज्याच्या बागेला झळ लागली नाही त्यालाही कधी भरपाई मिळू शकते. गारपिटीच्या बाबतीत मात्र 72 तासांच्या आत कळवल्यास शेतावर जाऊन पंचनामा करण्याची तरतूद आहे. एकाच विम्यात दोन प्रकारचे पुरावे मानले जातात : एक यंत्राचा आणि एक डोळ्यांचा.

महाराष्ट्रात महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, ही मोठी प्रगती होय. तथापि सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत थोड्या अंतरात जमीन आणि हवा बदलते. केंद्र कोठे आहे, भोवती झाडे वा इमारती आहेत काय, उपकरणाची तपासणी केव्हा झाली, या गोष्टी शेतकऱ्याच्या दृष्टीने जमिनीच्या प्रतीइतक्याच निर्णायक ठरतात. 2020 मध्ये केळी विम्याचे निकष बदलण्यात आले तेव्हा जळगाव जिल्ह्यातून जोरदार विरोध झाला आणि पुढील वर्षी ते पुन्हा बदलावे लागले. 2022-23 च्या हंगामात लागवडीची पडताळणी उपग्रह छायाचित्रांवरून झाली. विमा उतरवलेले क्षेत्र प्रत्यक्ष लागवडीपेक्षा अधिक असल्याचा संशय हे तिचे कारण होते आणि तो संशय निराधार म्हणता येत नाही. परंतु छायाचित्रात बाग आढळली नाही म्हणून ज्यांचे प्रस्ताव अडले, त्यांतील अनेकांची मागणी एकच होती : प्रत्यक्ष येऊन बाग पाहा. 1918 च्या खेडा जिल्ह्यातील मागणीशी तिचे साम्य लक्षणीय आहे.

माहितीचा मालक कोण?

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करतो. पूर्वी ज्याची मोजणी होत असे तोच आता नोंद करणारा झाला, हे ऐतिहासिक स्थित्यंतर आहे. त्यासाठी लागणारा मोबाइल, जोडणी आणि वापराचे ज्ञान सर्वांपाशी सारखे नाही, ही त्याची मर्यादा होय. 2025 पासून शेतकरी ओळख क्रमांकाने जमीन, पीक आणि योजनांचे लाभ एका सूत्रात गुंफले जात आहेत. यामुळे लाभ वेळेवर पोहोचू शकतो. मात्र सातबाऱ्यावरील एक चूक आता अनेक ठिकाणी एकाच वेळी उमटते. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 चा मार्ग आहे; पण सातबारा दुरुस्त झाला म्हणून विम्याचा हुकलेला हप्ता आपोआप परत येत नाही.

यात व्यापाराचाही भाग आहे. केळीचा घड तयार झाला की कापणी फार काळ लांबवता येत नाही. कोणाची बाग केव्हा कापणीला येणार आणि कोणावर किती कर्ज आहे हे खरेदीदाराला आधीच कळले, तर सौद्यातील शेतकऱ्याची बाजू दुबळी होते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने व्यक्तीला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क मान्य केला आहे. त्याचा लाभ शेताच्या माहितीपर्यंत कसा पोहोचेल, यावर पुढील अनुभव अवलंबून राहील.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, खानदेशातील शेतकऱ्याने मोजणीला सरसकट विरोध केलेला नाही. न तपासता येणाऱ्या मोजणीला त्याचा विरोध राहिला आहे. साखळी, आणेवारी, हवामान केंद्र आणि उपग्रह ही साधने उत्तरोत्तर अचूक होत गेली. परंतु चुकीचा भार मोजणाऱ्यावर न पडता ज्याची मोजणी होते त्याच्यावर पडतो, ही रचना मात्र फारशी बदललेली नाही. म्हणून कृषिव्यवसायातील तंत्रज्ञानाचे मूल्यमापन करताना यंत्राच्या अचूकतेबरोबरच तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. हवामान केंद्राची नोंद व त्याच्या तपासणीचा दाखला गावात पाहायला मिळावा. नोंदीवर आक्षेप घेतल्यास ठरावीक मुदतीत प्रत्यक्ष शेताची पाहणी व्हावी. आणि चूक सिद्ध झाल्यास केवळ नोंद न सुधारता त्या चुकीमुळे झालेले नुकसानही भरून निघावे.

बार्डोलीच्या चौकशीने 22 टक्क्यांचा आकडा 6 वर आणला तो नवे यंत्र आणून नव्हे. अधिकारी गावात गेले, त्यांनी कागद तपासले आणि लोकांचे म्हणणे ऐकून घेतले. सावदा-फैजपूरच्या शेतकऱ्याला 1852 मध्ये ही संधी मिळाली नव्हती. आजच्या केळी उत्पादकाला ती मिळते की नाही, यावरच नव्या तंत्रज्ञानाचे खरे मूल्य ठरणार आहे.