तगरपूर आणि शिलाहार घराणी

शिलाहार हे इसवी सनाच्या आठव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत कोकण आणि दक्षिण महाराष्ट्र येथे राज्य करणारे राजकुल होय. या कुलाच्या उत्तर कोकण, दक्षिण कोकण व कोल्हापूर अशा तीन प्रमुख शाखा होत्या. अक्कलकोट परिसरातील लेखांतून एका लहान शाखेचीही माहिती मिळते. उत्तर कोकण व कोल्हापूर येथील शिलाहार स्वतःस ‘तगरपूर’ या श्रेष्ठ नगराचे अधिपती म्हणवीत. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील ढोकीजवळचे तेर होय.

तगर ऊर्फ तेर

तेर हे तेरणा नदीच्या काठी, धाराशिव शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर वसलेले गाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर असल्याचे सांगितले आहे. तेथील कापड व इतर माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. टॉलेमीच्या भूगोलातही या नगराचा उल्लेख आहे. एकोणिसाव्या शतकात तगराच्या स्थानाविषयी मतभेद होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते जुन्नर येथे मानले होते. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर, असे प्रतिपादन केले. त्याच सुमारास हेन्री कझिन्स यांनी तेरच्या प्राचीन अवशेषांची, विशेषतः विटांनी बांधलेल्या गजपृष्ठाकार त्रिविक्रम मंदिराची, नोंद केली. पुढील उत्खननांत सातवाहनकालीन वस्तू मोठ्या प्रमाणात मिळाल्या आणि हे मत सर्वमान्य झाले. संत गोरा कुंभार यांचे गाव म्हणूनही तेर प्रसिद्ध आहे.

कुलकथा

शिलाहार आपली उत्पत्ती विद्याधर राजपुत्र जीमूतवाहन याच्यापासून सांगत. शंखचूड नावाच्या नागाला वाचविण्यासाठी जीमूतवाहनाने शिलेवर बसून स्वतःचा देह गरुडास आहार म्हणून अर्पण केला, अशी कथा आहे. ‘शिला’ व ‘आहार’ यांवरून कुलनाम पडल्याचे त्यात मानले जाते. श्रीहर्षाच्या ‘नागानंद’ नाटकाचा विषय हीच कथा आहे. शिलाहारांच्या ध्वजावर सुवर्णगरुड असे. कोल्हापूर शाखेचे राजे महालक्ष्मीच्या वरप्रसादाचाही बिरुदात अभिमानाने उल्लेख करीत. दक्षिण कोकणच्या ताम्रपटांत कुलाच्या वर्णनात सिंहलाचा उल्लेख येतो. अर्थात, जीमूतवाहनाची कथा समान असली तरी मूलस्थानाविषयी शाखांची परंपरा सर्वस्वी एकसारखी नव्हती.

तीन शाखा

दक्षिण कोकण : या शाखेचा मूळ पुरुष सणफुल्ल होय. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या कृपेने त्याला सह्याद्री व समुद्र यांमधील प्रदेश मिळाला. त्याचा पुत्र धम्मियर याने बलिपत्तन वसविले. रट्टराजाच्या १००८ च्या खारेपाटण ताम्रपटात या शाखेची संपूर्ण वंशावळ मिळते. रट्टराज हा तिचा शेवटचा ज्ञात राजा होय.

उत्तर कोकण : पहिला कपर्दी हा या शाखेचा संस्थापक. त्याचा पुत्र पुल्लशक्ती याचा ८४३ चा लेख कान्हेरी येथे आहे. पुढे स्थानक म्हणजे ठाणे हे या राज्याचे प्रमुख नगर झाले. अंबरनाथ येथील शिवमंदिरात मुम्मुणी राजाचा १०६० चा लेख आहे. अलिबागजवळील अक्षी येथील केशिदेवाचा शिलालेख मराठीतील आद्य शिलालेखांपैकी एक गणला जातो. पहिला अपरादित्य हा विद्वान राजा होता. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ ही टीका त्याच्या नावावर आहे.

कोल्हापूर : जतिग हा या शाखेचा आद्य पुरुष. कऱ्हाड, मिरज, कोल्हापूर व पन्हाळा ही तिची महत्त्वाची केंद्रे होती. मारसिंह, गंडरादित्य, विजयादित्य व दुसरा भोज हे तिचे प्रमुख राजे होत.

स्वामिनिष्ठा व विवाहसंबंध

शिलाहार बहुतांश काळ मांडलिक होते. प्रथम राष्ट्रकूट, पुढे कल्याणीचे चालुक्य आणि अखेरीस देवगिरीचे यादव या बलाढ्य सत्तांच्या शेजारी त्यांना राज्य टिकवावे लागले. अधिराजावरील निष्ठा आणि शेजारच्या घराण्यांशी सोयरीक ही त्याची दोन प्रमुख साधने होती.

राष्ट्रकूटांची सत्ता ९७३ मध्ये संपली. तरीही उत्तर कोकणच्या अपराजिताने ९९७ च्या भादाण ताम्रपटात प्रथम राष्ट्रकूटांची वंशावळ दिली आणि त्यांच्या विनाशाबद्दल खेद व्यक्त केला. रट्टराजाच्या खारेपाटण ताम्रपटातही शिलाहारांच्या आधी राष्ट्रकूटांची वंशावळ येते.

चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याची राणी चंद्रलेखा ऊर्फ चंदलदेवी ही कऱ्हाडच्या शिलाहार कुलातील होती. ती मारसिंहाची कन्या असावी, असे अभ्यासक मानतात. बिल्हणाच्या ‘विक्रमांकदेवचरित’ काव्यात कऱ्हाड येथील तिच्या स्वयंवराचे विस्तृत वर्णन आहे. तिचे चित्र पाहून काश्मीरचा राजा हर्ष मोहित झाल्याची कथा कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त आहे. या विवाहामुळे कोल्हापूरचे मांडलिक घराणे सम्राटाच्या सोयऱ्यांत गणले जाऊ लागले.

उत्तर कोकणचा संबंध गोव्याच्या कदंबांशी आला. कदंब राजा षष्ठदेव ऊर्फ चट्ट हा समुद्रमार्गे ठाण्यास आला असता मुम्मुणीने त्याचे स्वागत केले, त्याला आपली कन्या दिली आणि पाच लक्ष सुवर्ण दिले, असे धारवाडजवळील नरेंद्र येथील कदंब शिलालेखात म्हटले आहे. कदंबांचे इतरत्रही विवाहसंबंध होते. पहिला जयकेशी याची कन्या मयणल्लदेवी गुजरातच्या चौलुक्य कर्णाला दिली होती. सिद्धराज जयसिंह हा तिचा पुत्र. दुसरा जयकेशी सहाव्या विक्रमादित्याचा जामात होता. अशा रीतीने ठाणे, गोवा, कऱ्हाड, कल्याणी व अणहिलपाटण ही पाच राजकुले दोन-तीन पिढ्यांत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष नात्याने जोडली गेली.

तथापि, सोयरीक म्हणजे कायमची मैत्री नव्हे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या जयकेशीने उत्तर कोकणावर आक्रमण केले आणि पहिल्या अपरादित्याला आपले राज्य परत मिळवावे लागले. पदच्युत झालेल्या ठाणे व गोवा येथील राजांना विजयादित्याने पुन्हा गादीवर बसविले, असा दावा दुसऱ्या भोजाच्या ताम्रपटात आहे.

बिरुदाचा अर्थ

‘तगरपुरवराधीश्वर’ या बिरुदावरून शिलाहार तेरवर राज्य करीत होते, असा निष्कर्ष काढता येत नाही. ज्या काळात हे बिरुद लेखांत दिसते, त्या काळात त्यांची राज्ये कोकणात आणि पंचगंगा-कृष्णेच्या खोऱ्यात होती. पूर्वजांच्या नगराचे नाव बिरुदात जपण्याची प्रथा दख्खनमध्ये सर्वत्र होती. राष्ट्रकूट व सौंदत्तीचे रट्ट स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि लट्टलूर म्हणजे तेरपासून जवळच असलेले लातूर होय. गोव्याचे कदंब वनवासीचे, तर यादव द्वारावतीचे नाव सांगत. त्यामुळे असे बिरुद राज्याची सीमा दाखवीत नाही, तर कुलाची स्मृती सांगते. दूर पसरलेल्या शाखांना आपण एकाच कुलाचे आहोत हे दाखविण्याचे आणि विवाह ठरविताना कुलीनता सिद्ध करण्याचे ते साधन होते.

अखेर

दुसऱ्या भोजाचा पराभव करून यादव राजा सिंघण याने १२१२ च्या सुमारास कोल्हापूरचे राज्य जिंकले. उत्तर कोकणचा शेवटचा राजा सोमेश्वर याचा यादव महादेवाने १२६५ च्या सुमारास सागरी युद्धात पराभव केला. महादेवाच्या क्रोधापेक्षा सोमेश्वराने समुद्रातील वडवानल पत्करला, असे हेमाद्रीने म्हटले आहे. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्धाची दृश्ये कोरलेली असून काही अभ्यासक त्यांचा संबंध या युद्धाशी जोडतात.

अभ्यास

शिलाहारांचे कोरीव लेख वा. वि. मिराशी यांनी संपादित केले. त्यांचा ‘शिलाहार राजवंशाचा इतिहास आणि कोरीव लेख’ हा मराठी ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेर येथील प्राचीन वस्तू गावातील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात. या वस्तू मुख्यतः सातवाहन काळातील, म्हणजे शिलाहारांच्या कित्येक शतके आधीच्या आहेत. ज्या वैभवशाली नगराचे नाव शिलाहारांनी बिरुदात जपले, त्याची कल्पना त्यांवरून येते.