नवव्या महिन्यातील भोवळ : अड्याळ परिसरातील कार्यकर्त्यांना माहीत असावे असे काही

धान रोवणीच्या दिवसांत अड्याळ-पवनी भागात आठव्या-नवव्या महिन्याची बाईही बांधीत वाकलेली दिसते. ती भोवळ येऊन पडली की "अशक्तपणा आहे, होईल बरं" म्हणून विषय संपतो. बरेचदा ते खरेही असते. पण आपल्या वस्त्यांत तसे गृहीत धरू नये, असे आम्हाला वाटते.

साधी कारणे आधी. शेवटच्या महिन्यांत उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो, रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उपाशीपोटी काम, ऊन, फार वेळ उभे राहणे, झटकन उठणे यानेही तसेच होते. अशा बाईला डाव्या कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी ओतू नये. बरे वाटले तरी त्याच दिवशी रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्यावी.

हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे रक्तक्षय, 7 च्या खाली म्हणजे गंभीर रक्तक्षय. विदर्भात त्यामागे सिकलसेल असू शकतो. हा आजार आदिवासींप्रमाणेच बौद्ध समाजातही आढळतो. वाहक (एएस) स्त्रीला सहसा त्रास होत नाही. रुग्ण (एसएस) स्त्रीला मात्र गरोदरपणात वेदनेचे झटके, जंतुसंसर्ग आणि तीव्र रक्तक्षयाचा धोका असतो. तिने लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात आणि बाळंतपण रक्तपेढीची सोय असलेल्या रुग्णालयात ठरवावे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते. आपल्या परिचय मेळाव्यांत उंची, पगार, नोकरी सगळे विचारले जाते; सिकलसेल तपासणीचा कागद क्वचितच कोणी मागतो.

भोवळ आणि झटका यांत गल्लत करू नये. रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त, जोराची डोकेदुखी, धूसर दिसणे, चेहऱ्यावर सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणे ही झटक्याआधीची लक्षणे असू शकतात. झटका आला की कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात, "बाहेरचं" पाहण्यात वेळ जातो. त्याच वेळात मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन मिळाले तर जीव वाचतो. 108 ला फोन करावा. रक्तस्राव, धाप, छातीत दुखणे किंवा बाळाची हालचाल कमी होणे यातही थांबू नये.

गरोदर मातेला सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी 102 ची गाडी मोफत आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते. आशाताईंकडून नावे घेऊन त्या दिवशी बायकांना सोबत नेणे हे मंडळाच्या पोरांना सहज जमण्यासारखे काम आहे. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा दिला होता. रोवणीच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईला अजूनही पगारी रजा नाही.

14 एप्रिलला आपण रक्तदान करतोच. त्या दिवशी रक्तदात्यांचे रक्तगट आणि फोन नंबर लिहून एक वही विहारात ठेवावी. नंबर दर सहा महिन्यांनी तपासावेत, कारण पोरे सिम बदलतात.