रेंज पारोळ्याच्या अलीकडे जाते

धुळ्याहून एसटीने जळगावला निघालो की फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी अशी गावे ओळीने लागतात. अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरचे. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता; सुरतेकडून येणारा आणि नागपूरमार्गे थेट कोलकात्याकडे जाणारा. शाळांना वह्या-पुस्तके पुरवण्याच्या कामासाठी मी या रस्त्यावर वीस-पंचवीस वर्षे फिरलो. बी. ए. झालेल्या कवीला पोटासाठी काहीतरी करावेच लागते. कविता बसमध्ये सुचायच्या, ऑर्डरी शाळांत मिळायच्या. दोन्ही पुढे पाठवायच्या म्हटले की प्रश्न एकच, इथून निरोप जाणार कसा?

हा प्रश्न खानदेशाला नवा नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. त्याच दशकात मुंबईची आगगाडी चाळीसगाव, जळगाव, भुसावळपर्यंत पोहोचली. रुळांच्या सोबतीने तारेचे खांब आले. १८७० साली समुद्राखालच्या तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली. बोटीने येणारी भावाची बातमी आता तारेवरून येऊ लागली.

पण खांब चालले रुळांच्या कडेने. धुळे मुख्य मार्गावर नव्हतेच. चाळीसगावहून धुळ्याचा फाटा सुरू झाला तो १९०० साली. पारोळ्याला तर आजही रूळ नाहीत. जिथे व्यापार तिथे तार, आणि मधल्या गावांनी वाट पाहायची, हा रिवाज तेव्हाच पडला.

आमच्या लहानपणी तारवाला गल्लीत शिरला की अम्मी आधी दाराची चौकट धरायची. चांगली बातमी पोस्टकार्डाने येई, वाईट तारेने. पुढे १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, गावोगावी लहान टेलिफोन केंद्रे आली आणि प्रत्येक बसस्थानकाबाहेर एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहिले. रात्री दर कमी व्हायचे, म्हणून लोक जेवणे आटोपून रांगेत उभे राहत. मीही राहिलो आहे.

देशातला पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले. अर्थात, महानगरांत. आमच्यापर्यंत ते यायला काही वर्षे गेली. लॅपटॉप घेतल्यावर मी मोबाइल वायरने त्याला जोडायचो, पडद्यावर स्टार, नव्व्याण्णव, हॅश असा क्रमांक लावायचो आणि डोळे मिटून घ्यायचो. एरंडोलच्या आठवडे बाजाराच्या दिवशी मात्र काही केल्या पत्र जात नसे. कारण नंतर कळले. त्या जुन्या व्यवस्थेत बोलणे आणि इंटरनेट यांना जागा एकच होती आणि मान बोलण्याला आधी होता. बाजारकरी फोनवर बोलत राहिले की माझ्या ऑर्डरीने ताटकळत उभे राहायचे.

मग यूएसबीत खोचायचे डाटा कार्ड आले. धुळ्याच्या बाजारपेठेत ते सुसाट चालायचे. शहर सुटले की जुन्या, संथ जाळ्यावर उतरायचे आणि पारोळ्याच्या अलीकडे पार मान टाकायचे.

२०११ च्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ मी विसरू शकत नाही. त्या पट्ट्यातल्या एका शाळेत हेडसरांनी विचारले, "भाऊ, तुमच्या लॅपटॉपवर नेट आहे ना?" बारावीतल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. वडील सालदार. मुदत त्याच रात्री बारापर्यंत. मी मोठ्या ऐटीत लॅपटॉप उघडला. अर्धा अर्ज भरला आणि भारनियमनाची वेळ झाली. टॉवर काही काळ बॅटरीवर तगला, नंतर तोही गेला. ओळखीच्या टेम्पोत बसून ती, तिचे वडील, हेडसर आणि मी पारोळ्याला आलो. तिथे रेंज होती. अर्ज उघडला, पण फोटो काही चढेना. बाराला पडद्यावर मुदत संपल्याची ओळ आली. मुलीनेच माझी समजूत काढली, "जाऊ द्या चाचा, पुढला साल भरसूत."

पुढच्या वर्षी मी त्या शाळेत गेलो तेव्हा तिचे शिक्षण सुटलेले होते. लग्न होऊन ती सासरी गेली होती.

त्या रात्रीनंतर मी या यंत्राकडे नीट पाहू लागलो. आपण म्हणतो बिनतारी, पण बिनतारी असतो तो मुख्यतः लॅपटॉपपासून टॉवरपर्यंतचा टप्पा. त्याच्यामागे वीज लागते, वीज गेली की बॅटरी लागते, बॅटरी उतरली की डिझेल लागते. आणि बऱ्याच टॉवरांना शहराशी जोडणारी जमिनीखालची केबल लागते. फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, तरी पान उघडत नाही, तेव्हा अनेकदा खोळंबा टॉवरच्या पलीकडे असतो. रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीचा एक फटका केबलला बसला की काड्या असून नसल्यासारख्या.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने मंजूर केली ती त्याच २०११ साली; पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. १५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली. २०१६ साली स्वस्त फोर-जी आले, १ ऑक्टोबर २०२२ रोजी फाइव्ह-जीचे उद्घाटन झाले. आज मी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून एसटीतून कविता पाठवतो. मोठी सोय झाली, यात शंका नाही. तरी दोन वेगळ्या कंपन्यांची सिमे खिशात ठेवतो, जड फाइल धुळ्यातच पाठवून मग बसमध्ये चढतो आणि कोणाचाही अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवत नाही.

मात्र ही झाली माझी सावधगिरी. सालदाराच्या लेकीने ती कुठून आणायची? मुदत ठरवणारा माणूस तारेच्या टोकाला बसलेला असतो. त्याच्याकडे वीज असते, केबल असते. म्हणून ऑनलाइन अर्जासोबत कागदी अर्जाची एक खिडकी उघडी ठेवावी, निदान वीज आणि नेट बंद पडल्यास मुदत वाढवावी, एवढेच माझे मागणे आहे. टोकाच्या दोन शहरांत नेट किती धावते, यावरून त्याचा भरवसा ठरत नाही. तो ठरतो पारोळ्याच्या अलीकडे, रात्री साडेअकरा वाजता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)