ऊर्जा-प्रतिमानांतील आधारसामग्रीच्या व्याख्यांचे प्रमाणीकरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

ऊर्जेच्या हिशेबात अंकांइतकेच त्यांमागील व्याख्यांनाही महत्त्व असते. १९७३ च्या तेलसंकटानंतर भावी इंधन-गरजेचा अंदाज बांधणाऱ्या गणिती प्रतिमानांना धोरणकर्त्यांच्या दृष्टीने मोल आले. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली. १९७६ मध्ये अशा प्रतिमानांची तुलना करणारा ‘एनर्जी मॉडेलिंग फोरम’ हा उपक्रम अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाला. तुलनेसाठी एका संज्ञेचा अर्थ सर्वत्र एकच असावा लागतो. तसा तो नव्हता. प्रस्तुत लेखात या व्याख्याभेदाचा व तो मिटविण्याच्या प्रयत्नांचा मागोवा घेतला आहे.

व्याख्याभेदाचे स्वरूप

‘प्राथमिक ऊर्जा’ ही संज्ञा याचे ठळक उदाहरण होय. एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास वीज ३.६ मेगाजूल ऊर्जेइतकी असते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पद्धतीत अणुविद्युत केंद्राची कार्यक्षमता ३३ टक्के गृहीत धरली जाते. त्यामुळे अणुविजेचे एक युनिट सुमारे १०.९ मेगाजूल, तर जलविजेचे ३.६ मेगाजूल मोजले जाते. ‘थेट समतुल्य’ पद्धतीत दोन्ही ३.६ ठरतात. ‘प्रतिस्थापन’ पद्धतीत तेवढ्या विजेसाठी जे इंधन जाळावे लागले असते, ते जलविजेच्या खाती जमा होते. वीज तीच, पण एकूण ऊर्जेतील तिचा वाटा मात्र पद्धतीनुसार बदलतो.

इंधनाच्या उष्णतामूल्याबाबतही असाच भेद आहे. निव्वळ मूल्यापेक्षा स्थूल मूल्य कोळसा व तेलासाठी सुमारे ५ टक्के, तर नैसर्गिक वायूसाठी सुमारे १० टक्के अधिक येते.

प्रमाणीकरणाचे प्रयत्न

हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २००० सालच्या उत्सर्जन-अहवालात सहा प्रतिमानांवर आधारित ४० भविष्यचित्रे होती. त्यांच्या आरंभवर्षांचे आकडे जुळत नसल्याने १९९० व २००० साठी समान आकडे निश्चित करण्यात आले. २००७ मध्ये एकात्मिक मूल्यमापन प्रतिमानकारांचा संघ स्थापन झाला. चलाचे नाव, एकक व प्रदेश एकाच नमुन्यात नोंदविण्याची रीत या संघाच्या कार्यातून रुळली. २०१४ च्या पाचव्या अहवालासाठी ३१ प्रतिमानांची १,१८४ भविष्यचित्रे एका संग्रहात आणणे या रीतीमुळे सुकर झाले. दरम्यान २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने ऊर्जा-सांख्यिकीविषयक आंतरराष्ट्रीय शिफारशी स्वीकारल्या. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने २०२३ मध्ये जल, पवन व सौर विजेसाठी प्रतिस्थापनाची रीत सोडली. परिणामी या स्रोतांचा नोंदलेला वाटा कागदावर घटला.

भारतीय संदर्भ

भारतात वीजनिर्मितीच्या कोळशाची प्रतवारी दीर्घकाळ ‘उपयुक्त उष्णतामूल्या’वर होत असे. हे मूल्य राख व आर्द्रतेच्या प्रमाणावरून सूत्राने काढले जाई. २०१२ पासून स्थूल उष्णतामूल्यावर आधारित १७ प्रती लागू झाल्या. या बदलाआधीची व नंतरची प्रतवारी रूपांतराविना एका श्रेणीत मांडल्यास निष्कर्ष फसवे ठरतात.

समारोप

प्रमाणित व्याख्याही तटस्थ नसते. कोणता स्रोत मोठा दिसावा, हे तीच अंशतः ठरवीत असते. एखाद्या राष्ट्राचे उद्दिष्ट प्राथमिक ऊर्जेतील टक्केवारीत मांडलेले असेल, तर एकही नवे वीजकेंद्र न उभारता, केवळ व्याख्या बदलून ते गाठता किंवा चुकविता येते. म्हणून एकच व्याख्या लादण्यापेक्षा प्रत्येक आकड्यासोबत त्याची व्याख्या व रूपांतराची रीत नोंदविणे, हीच या इतिहासाची खरी शिकवण होय.