कुडाळ : दशावताराची एक रात्र

पणजीहून सुमारे ८० किलोमीटरवर असलेले कुडाळ हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याचे लहानसे गाव. पत्रादेवी, बांदा, सावंतवाडी या मार्गाने मोटारीने किंवा थिवीहून कोकण रेल्वेने तेथे सहज पोहोचता येते. शनिवारी दुपारी निघून रविवारी सायंकाळी परतणे शक्य असले, तरी या सहलीची खरी अडचण वेगळीच आहे : येथील नाटक तिथी पाहते, सुट्टी पाहत नाही.

कुडाळच्या पंचक्रोशीत दशावतारी मंडळींचा हंगाम कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सुरू होतो आणि वैशाखापर्यंत चालतो. भाताची कापणी उरकलेली असते आणि गावोगावच्या देवळांच्या जत्रा पाठोपाठ लागतात. प्रत्येक देवस्थानाची जत्रा ठरलेल्या तिथीस होते. त्यामुळे आधी जत्रा शनिवारी कोठे येते याची चौकशी करावी आणि मगच मुक्कामाची खोली राखावी. उलट क्रमाने गेलेले पाहुणे बहुधा देऊळ पाहून परततात.

पेडण्याच्या प्रेक्षकाला हा खेळ परका नाही. समर्थ रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख आढळतो. म्हणजे विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले, त्याच्या कितीतरी आधीची ही रंगभूमी आहे.

पालखी देवळात परतल्यावर, बहुधा मध्यरात्रीच्या सुमारास, खेळ उभा राहतो. प्रारंभी आड दशावतार : गणपती, ऋद्धिसिद्धी, भटजी, सरस्वती आणि मग वेद चोरणारा काळ्या वेशातला संकासुर. देव आणि राजे संस्कृतप्रचुर मराठी बोलतात, संकासुर मात्र अस्सल मालवणीत प्रेक्षकांचीच फिरकी घेतो. त्यानंतर मुख्य आख्यान लागते.

या आख्यानाची संहिता लिहिलेली नसते. कोणती कथा लावायची आणि कोणी कोणती भूमिका करायची हे खेळापूर्वी ठरते. संवाद रंगमंचावरच जन्म घेतात. समोरच्याने टाकलेल्या पेचाला त्याच क्षणी उत्तर देता आले पाहिजे, तेही पुराणाच्या मर्यादेत राहून. त्यामुळे एकच आख्यान दोन रात्री सारखे होत नाही. साहित्य म्हणाल तर एक लाकडी बाकडे. तेच सिंहासन, तेच रथ. हार्मोनियम, मृदंग आणि झांज यांच्या साथीवर पदे गायिली जातात. स्त्रीभूमिका पुरुषच करतात, आणि चांगल्या नटाचा पदर सावरणे पाहताना ते ध्यानातही राहत नाही.

अलीकडे नाट्यगृहांत तीन तासांचे दशावतारी प्रयोग होतात, चमत्कृतीच्या दृश्यांना टाळ्याही मिळतात. सोयीचे आहेत ते. परंतु घड्याळाच्या धाकाने पहिला बळी आड दशावताराचा जातो आणि वादसंवाद रंगायला लागणारा निवांतपणा हरपतो. देवळाच्या प्रांगणात मात्र पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत खेळ संपत नाही. दोन वाजता उठून जाणाऱ्या पाहुण्याने अर्धेच नाटक पाहिलेले असते. उरलेल्या रात्री नट थोड्या प्रेक्षकांपुढे खेळतो, आणि दाद कमी झाली की त्याचे संवादही आखडतात.

बसण्यासाठी चटई आणि थंडीसाठी शाल सोबत असावी. खाजे आणि गरम चहा जत्रेत मिळतोच. नटांवर झगझगीत प्रकाशझोत टाकून चित्रण करू नये. ओवाळणीचे तबक समोर आले तर हात आखडता घेऊ नये. पावसाळ्यात बंद राहणाऱ्या या व्यवसायात त्या नाण्यांना मोल आहे.

रात्र जागून लगेच गाडी हाकणे धोक्याचे. सकाळी झोप काढून दुपारी कुडाळलगतच्या पिंगुळीला जावे. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला येथे जपलेली आहे; याच कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आगाऊ सांगून गेल्यास कलाकारांच्या घरच्या संग्रहालयात बाहुल्या जवळून पाहता येतात. तेथून महामार्गाला लागले की अंधार पडायच्या आत बांदा ओलांडता येते.