‘घाशीराम’ थांबलं आणि ‘थिएटर अकॅडमी’ सुरू झाली

ओळीत पाठमोरे उभे राहिले की पडदा, समोर वळले की पुण्याचे ब्राह्मण! ‘घाशीराम कोतवाल’मधली ही माणसांची भिंत मराठी रंगभूमीची ओळख बनली. पण हे नाटक सुरुवातीलाच बंद पडलं होतं. पुढे ते जगभर पोहोचलं, ते ‘थिएटर अकॅडमी’ या पुण्याच्या संस्थेमुळे.

नेमकं काय घडलं?

विजय तेंडुलकर यांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. तो प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन म्हणजेच ‘पीडीए’ने केला होता. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, संगीत भास्कर चंदावरकर यांचं, तर नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे.

नाटकातल्या नानांच्या आणि ब्राह्मणांच्या चित्रणावरून वाद पेटला. १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवलं. ज्यांना ते मान्य नव्हतं, ते कलाकार बाहेर पडले. २७ मार्च १९७३ रोजी, म्हणजे जागतिक रंगभूमी दिनी, त्यांनी ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन केली. १९७४ मध्ये ‘घाशीराम’ पुन्हा रंगमंचावर आलं.

विरोध मात्र संपला नाही. १९८० च्या युरोप दौऱ्यालाही तीव्र विरोध झाला, तरी दौरा पार पडला.

फक्त एकच नाटक?

नाही. सतीश आळेकर यांची ‘महानिर्वाण’ (१९७४) आणि ‘बेगम बर्वे’ (१९७९) ही नाटकं याच संस्थेने केली. ब्रेख्तच्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ही तिचाच.

प्रभाव कुठे दिसतो?

प्राचीन ग्रीक नाटकात ‘कोरस’ म्हणजे गाणारा, नाचणारा, घटनेवर बोलणारा समूह असे. ‘घाशीराम’ने तसंच काम कीर्तन, तमाशा, दशावतार अशा आपल्याच लोककलांच्या रीतींतून करून दाखवलं.

संस्थेने १९८५ ते १९९४ दरम्यान फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने नव्या नाटककारांसाठी आणि पुण्या-मुंबईबाहेरच्या नाट्यसंस्थांसाठी योजनाही राबवल्या.

या दोन शहरांच्या मधल्या कर्जत-खालापूरसारख्या तालुक्यांत आज नाटक बसवणाऱ्या हौशी मंडळींनाही ‘घाशीराम’कडून घेण्यासारखं बरंच आहे. महागडा सेट नसला तरी चालतं. एका तालात चालणारी, गाणारी माणसं असली की रंगमंचावर अख्खं पुणं उभं राहतं.